हाक मी मारली होती

आमच्या गावातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी. माझ्याआधी घरात कोणाला सही करता येत नव्हती. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. पण त्या शिक्षणाचा पहिला मोठा उपयोग मी कशासाठी केला, ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं. ते लिहायला बसलो आहे.

गाव तापीच्या काठावर, शहाद्याच्या बाजूला. जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी पुण्याला बी.ए.च्या आदल्या वर्गात शिकत होतो आणि गणपतीच्या सुट्टीत घरी आलो होतो. घरात आम्ही पाच जण. आई, बा, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि मी. भावाला मी दादा म्हणायचो. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शेत तो सांभाळायचा आणि मी शिकावं हा हट्टही त्याचाच. बांना माझं पुण्याला जाणं फारसं पटलं नव्हतं. दादाने त्यांना सांगितलं होतं, "त्याना वाटानं काम मी करस. तुमी त्याले जाऊ द्या." घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. पुस्तकातली मराठी मी शाळेत शिकलो.

पुराच्या दिवसांत आमच्याकडे लाकडं धरायची रीत होती. सातपुड्यात जोराचा पाऊस झाला की डोंगरातल्या नद्या झाडं उपटून आणत आणि तापीत टाकत. काठावरचे पट्टीचे पोहणारे छातीखाली वाळलेले भोपळे बांधून पाण्यात उतरत, ओंडक्याला दोर टाकत आणि पाण्याच्या कलाने खालच्या वळणावर तो काठाला लावत. गावातली निम्मी दारं आणि आढी अशा लाकडांची होती. जंगलखात्याचा शिपाई चौकशीला येईपर्यंत ओंडके कडब्याखाली गेलेले असत. यात भांडणं होऊ नयेत म्हणून एक नियम होता. ओंडका ज्याला आधी दिसेल त्याने दरडीवरून मोठ्याने हाक द्यायची, "आमनं शे." हाक पडली की ते लाकूड त्या घराचं. दुसरा कोणी त्याच्याकडे बघतही नसे. मात्र हाक मारून लाकूड सोडून दिलं तर त्या घराची वर्षभर चेष्टा व्हायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढणारा विचारायचा, पोळी वाढू की नुसती हाक मारू.

त्या सुट्टीत तापीला पूर आला. त्या दिवशी सकाळी दरडीवर पंधरा-वीस माणसं होती. दादाने दोन ओंडके आधीच काढले होते. तो दमला होता. एका भोपळ्याला तडा गेला म्हणून त्याने तो सोडून बाजूला ठेवला होता आणि विडी ओढत बसला होता. म्हणाला, "आते बस. नदी जास्ती चढी ऱ्हायनी."

माणसं माझी थट्टा करत होती. मी पांढरं धोतर नेसून, कोरडा, चिखल टाळत उभा होतो. शेजारच्या गुजर आळीतले एक म्हातारे म्हणाले, "पुण्याचं पाणी प्यालास, आता तुला तापीतलं काय दिसणार? डोळे पुस्तकात घालवलेस." सगळे हसले. दादाही हसला. मला ते लागलं. मी वरच्या वळणाकडे बघत राहिलो. कोणाच्याही आधी मला तो दिसला. सागाचा मोठा सोट, एका टोकाला मुळ्यांचा गड्डा. मी जीव खाऊन ओरडलो, "आमनं शे."

दादाने वर बघितलं. "तुन्हा डोया शाबूत शेत तर," एवढं म्हणाला, विडी विझवली आणि उठला. मी हाक मारली होती, म्हणजे ते आमच्या घराचं झालं होतं. आणायला कोणीतरी जाणं भाग होतं आणि मी जाणार नव्हतो. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. एकच भोपळा बांधून तो पाण्यात शिरला.

तो सोटापर्यंत पोचला. दोर टाकला. तेवढ्यात मुळ्यांचा गड्डा खाली कुठेतरी अडकला आणि सोट आडवा फिरला. दादाच्या अंगावरून फिरला. एक हात वर आला, मनगटापर्यंत. मग तोही दिसेनासा झाला. थोड्या वेळाने गड्डा सुटला आणि सोट एकटाच पुढे वाहत गेला. मी सगळ्यांत उंचावर उभा होतो. खालच्या माणसांना मधल्या लाटेमुळे नीट दिसलं नाही. मला दिसलं.

माणसं काठाने खाली धावली. बा शेतातून आले. आई आली तेव्हा मी होतो तिथेच उभा होतो. तिने मला दोन्ही दंडांना धरलं. "त्यानी लाकूड धरं व्हतं का?"

मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की तिचा पुढचा प्रश्न, तो पाण्यात गेलाच कशाला, हा असणार. त्या प्रश्नाला मला सामोरं जायचं नव्हतं. मी म्हणालो, "हां. धरं व्हतं. लाकडाले धरीसन वाही गया."

"तू देखं?"

"मी देखं."

तिने माझे दंड सोडले. तोंडावरून हात फिरवला आणि मागे जमलेल्या बायकांकडे वळून शांतपणे म्हणाली, "लाकडावर शे तो. लागी कठे तरी काठले." एक म्हातारी मान हलवत होती. तिला आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मन्हा शिकेल आंडोर शे. तो खोटं सांगाव नही."

प्रेत मिळालं नाही. पूर पाच दिवस उतरला नाही. बा आणि काका दोन मुक्काम करून काठाने खाली जाऊन आले. हात हलवत आले. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या हिशेबी ते प्रेत शोधत होते, आणि प्रेत नव्हतंच.

मग तिने मला पाठवलं. शिकलेला म्हणून मला. नंदुरबारला जाऊन मी गाडीत बसलो, नवापूरच्या पुढे उतरलो आणि नदीच्या रोखाने गावं विचारत पायी हिंडलो. उंचीने एवढा, उजव्या भुवईवर व्रण, छातीला भोपळा. आठ दिवस मी एका मेलेल्या माणसाचं वर्णन सांगत फिरलो. डोंगराच्या कडेला एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी मला भाकरी मिळाली. घरच्या बाईची बोली मला निम्मीच कळत होती. तिने भावाबद्दल सगळं विचारून घेतलं, मग भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसली आणि तो सुखरूप सापडावा म्हणून देवाकडे मागणं मागितलं. बराच वेळ मागत होती. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. उठून पळून जावंसं वाटत होतं, पण गेलो नाही. तिने सोबत दोन भाकऱ्याही बांधून दिल्या.

घरी येऊन आईला सांगितलं, अजून काही कळलं नाही. ती म्हणाली, "सुरत मोठं गाव शे म्हणतस. कोठे तरी काम धरं व्हई त्यानी. डोक्याले मार लागी व्हई, नाव आठवत नसी." तिने एकटीने बसून सगळं जुळवलं होतं. माझ्या एका वाक्यावर तिने अख्खं घर उभं केलं होतं.

मी पुण्याला परत गेलो. तिथे माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझा आवाज गेला. म्हणजे बोलता येत होतं, पण मोठ्याने बोलता येईना. वर्गात हजेरी घेताना मी "हजर" म्हणायचो ते मास्तरांपर्यंत पोचायचं नाही आणि गैरहजर लागायची. शेजारी बसणारा मुलगा माझ्या वतीने ओरडायला लागला. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला तर त्याला हाक मारण्याऐवजी मी धावत जाऊन गाठायचो. मुळा-मुठेला पाणी आलं की मुलं पुलावर बघायला जायची. मी खोलीचं दार लावून पाठांतर करायचो. पुस्तक समोर असायचं, पण ओळी एकमेकींवरून सरकायच्या. परीक्षेत पास झालो, कसा ते मलाही सांगता येणार नाही. याला कोणी आजार म्हटलं नाही. खोलीतले सोबती म्हणायचे, हा गावाकडचा, लाजाळू आहे.

दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा घरातली स्थिती दिसली. बा पहाटे शेतात जात ते दिवेलागणीला येत. जेवताना कोणाकडे बघत नसत. आईने नदीशी बोलणं सोडलं होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आयुष्यभर ती नदीवर धुणं धुताना पाण्याशी बोलत असे. आता ती धुणंही घरी धुवायची आणि पाणी गुजर आळीतल्या विहिरीवरून आणायची, चढ चढून, दोन-दोन घागरी. पण सगळ्यांत वाईट हाल वहिनीचे होते.

वहिनी तळोद्याकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. बडबडी होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आईच्या लेखी दादा जिवंत, तेव्हा तिचं कुंकू, बांगड्या सगळं जागच्या जागी. आई रोज स्वतः तिची वेणी घालायची. सणाला नवं लुगडं नेसवायची. बायका बघायच्या आणि विहिरीवर कुजबुजायच्या. कोणी म्हणे नवरा पळून गेला, सुरतेला दुसरी केली. कोणी म्हणे हिला लाज नाही. आणि ती रडायला लागली की आई तोंडावर हात ठेवायची. जित्या माणसासाठी रडणं अशुभ. असे अकरा महिने गेले. बाहेरचा कोणी माणूस गावात आला की आई तिला दारात उभी करायची, काही निरोप असला तर आधी तिच्या कानावर पडावा म्हणून. ती उभी राहायची. तिचं बोलणं जवळपास बंद झालं होतं.

पुढच्या श्रावणात आईने गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहवून मला बोलावून घेतलं. कानबाई बसवायची आहे, ये.

कानबाईचा सण खानदेशाबाहेरच्या वाचकाला थोडा सांगायला हवा. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी घरात देवी मांडतात, नारळाला डोळे-नाक लावून. तिच्या नैवेद्याचे रोट करतात, जाड गोड पोळ्या. त्या रोटांचे गहू घेण्याची आमची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. तान्ह्या मुलाचीसुद्धा मूठ पडते. तेवढेच दळायचे. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत. घरात कोणी गेलं असेल तर त्या वर्षी कानबाई बसत नाही.

म्हणून आई ती बसवणार होती. सण झाला म्हणजे घरात दुःख नाही, आणि दुःख नाही म्हणजे तो आहे. देवी नदीत बोळवतात, पण तिने सांगून टाकलं होतं, या वर्षी विहिरीत बोळवू.

शनिवारी सकाळी मी पोचलो. बा शेतात होते. आई सारवत होती. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती, तिने मला हाताने बोलावलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, तुमी काय देखं ते माले म्हाईत नही. पण तुमी काही तरी देखं शे."

मी आतल्या दाराकडे बघितलं, आई ऐकत तर नाही ना.

"आन हाक तुमी मारी व्हती, हाई माले त्याच दिवशी समजनं. बाया काही लपाडतस का?"

"मंग तू बोलनी का नही?"

"मी बोलीसन काय व्हई? तुमनी मायले तुमनं खरं वाटस." तिने राखेने माखलेला हात कपाळाला लावला आणि कुंकू थोडं पुसलं गेलं. ते तिच्या लक्षात आलं, तिने घाईने पदराच्या टोकाने सारखं केलं. "मी काय मागत नही, भाऊ. कुंकू जाई, बांगड्या जातीन, लोक तोंड देखाव नहीत, सगळं माले म्हाईत शे. पण माले एकदाव रडानं शे. अकरा महिना व्हयनात. मन्हा माणूस गया आन मी रडनू नही."

मी तिला सांगितलं, बघतो. बघतो म्हणजे टाळतो, हे तिलाही कळलं. ती पुन्हा भांडी घासायला लागली.

दुपारी काका आले. बांचे धाकटे भाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारे. ते ओसरीच्या पायरीवर उभे राहिले, वर आले नाहीत. आई समोर गव्हाची पाटी आणि सूप घेऊन बसली होती. काका खाली बघत आईला म्हणाले, "वहिनी, भाऊबंदासनी बैठक व्हयनी. तुमनं मन आमले समजस. पण मरेल माणूसना नावना रोट आमी कसा खावूत?"

"मरेल कोन?" आई म्हणाली.

"गाव सांगस."

"गावनी देखं का? मन्हा आंडोरनी देखं. तो आठे उभा शे. त्याले इचारा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ते त्या दिवशी दरडीवर होते. हाक कोणी मारली हे त्यांना माहीत होतं. आजवर त्यांनी, आणि दरडीवरच्या त्या पंधरा-वीस माणसांनी, माझ्यासाठी आईपुढे तोंड बंद ठेवलं होतं. गावाचा एकुलता एक कॉलेजातला मुलगा. ते पुन्हा खाली बघायला लागले.

आईने पाटीत हात घातला. "हाई तुन्हा बापनी." मूठ सुपात पडली, वर चिमूटभर. "हाई तुन्ही." माझी पडली. मग तिने तिसरी मूठ उचलली. इतर मुठींपेक्षा ती मोठी होती, गहू बोटांतून सांडत होते. "हाई त्यान्ही."

मला अजूनही सांगता येत नाही की मी त्याच वेळी का बोललो. वहिनीने सांगितलं म्हणून असेल, काका पायरीवर होते म्हणून असेल. त्या मुठीचे रोट होऊन माझ्या ताटात येणार होते आणि ते मला गिळता येणार नव्हते, एवढं मात्र खरं.

"माय, ती मूठ ऱ्हाऊ दे."

"कसाले?"

"दादा नही शे."

"तुले काय म्हाईत?" तिचा हात सुपावर तसाच होता.

"माले म्हाईत शे. त्यानी लाकूड धरेल नव्हतं. लाकूड त्याना आंगवर फिरनं. तो खाले गया, एक हात वर उना, मंग तोबी गया. लाकूड एकलंच वाही गयं. मी देखं."

आई माझ्याकडे बघत होती, ओळख पटवून घ्यावी तशी.

"मंग तू तवय खोटं कसाले सांगं?"

"कारण हाक मी मारी व्हती."

हे वाक्य मी इतक्या हळू बोललो की पायरीवरच्या काकांना ते ऐकू आलं नसेल. पण आईला आलं. तिने मूठ उघडली नाही. कितीतरी वेळ ती तशीच बंद धरून बसली. मग हात खाली आणला, ते गहू पाटीत परत सोडले. सुपातले आमचे गहूही पाटीत ओतले. बांची मूठ, माझी मूठ, सगळं एकात मिसळलं. सूप पालथं करून तिने बाजूला ठेवलं.

मग ती आतल्या दाराकडे वळून म्हणाली, "ये वं बेटी. आते रड."

वहिनी दाराआडच होती. ती बाहेर आली, आईच्या मांडीवर पडली आणि तिचा जो आवाज निघाला तो मी आधी किंवा नंतर कोणा माणसाचा ऐकला नाही. शेजारच्या बायका धावत आल्या. आई रडली नाही. ती वहिनीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, रड, अजून रड, मी तुले रडू दिधं नही. काका पायरीवरून उतरून बांना बोलवायला शेतात गेले.

पुढचं सगळं रिवाजाप्रमाणे झालं. प्रेत नसलं तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पानं काकांनी आणली. डोक्याच्या जागी नारळ लागतो. कानबाईसाठी आणलेला नवा नारळ घरात होता, आईने तोच काढून दिला. नदीकाठी भटजींनी पुतळा बांधला. तो दादाएवढा झाला नाही, लहान झाला. अग्नी मी दिला, कारण दादाला मूल नव्हतं आणि त्याच्या पाठचा मीच होतो. ओली पानं पेटेनात. बा खाली वाकून फुंकर घालत होते.

परत येताना बा आणि मी मागे राहिलो. ते म्हणाले, "हाक तू मारी, हाई माले पहिलाच दिन समजनं व्हतं."

"मंग बोलनात का नही?"

बरंच अंतर चालून गेल्यावर ते म्हणाले, "एक गया व्हता. दुसराले मी कोठे धाडू?"

म्हणजे त्यांनाही आईची आशा खोटी आहे हे ठाऊक होतं आणि अकरा महिने ते तिच्यासमोर मान खाली घालून जेवत होते. माझ्यासाठी. मी घरातला एकटाच खोटारडा आहे असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं, पण त्याने मला हलकं वाटलं नाही. उलट ओझं वाढलं.

वहिनीच्या बांगड्या फुटल्या. तेरावं झाल्यावर तिचे भाऊ बैलगाडी घेऊन आले. निघताना ती आईच्या पाया पडली, मग माझ्याकडे आली. मला वाटलं ती काही म्हणेल. "भाऊ, अभ्यास करा," एवढंच म्हणाली. दोन वर्षांनी तिच्या माहेरच्यांनी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. आईने त्यासाठी लुगडं-चोळी पाठवली. मी खरं सांगितलं ते तिच्या भल्याचं ठरलं असं लोक मला समजावतात. ठरलं असेल. तिच्या हातावरून बांगड्यांच्या काचा वेचताना मी तिथे होतो. लोक नव्हते.

आई माझ्याशी पुढे बोलायला लागली. भूक लागली का, आंघोळीला पाणी काढलं आहे, असं. पण माझ्या बोलण्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, बाजारात ज्वारी स्वस्त आहे, तर ती काकूला विचारून यायची. मी म्हटलं, पाऊस येईल, तर ती बाहेर जाऊन आभाळ बघायची. मी पत्र वाचून दाखवलं की ते घडी करून ठेवायची आणि मास्तर दिसले की पुन्हा वाचून घ्यायची. गावातल्या दहा घरांची पत्रं मी वाचायचो, कोर्टाचे कागद समजावून द्यायचो. आमच्या घरचं पत्र मात्र दोनदा वाचलं जायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी असताना पुण्याच्या एका सोबत्याची तार आली. मी बी.ए. झालो होतो. तार घेऊन शहाद्याहून माणूस आला म्हटल्यावर गल्ली गोळा झाली, कारण आमच्याकडे तार म्हणजे मरणाचीच. मी वाचली आणि आईला म्हणालो, "माय, मी पास व्हयनू."

ती चुलीजवळून उठली. माझ्या हातातून तिने तार घेतली, उलटीसुलटी करून बघितली, पदर नीट केला आणि उन्हात चालायला लागली. लोक मला विचारत होते, ही कुठे चालली. मला कळलं होतं. मास्तरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी दारात उभा राहिलो. बा खाटेवर बसून होते.

अर्ध्या-पाऊण तासाने ती आली. घामाने चेहरा भिजला होता. तार तिने माझ्या हातात परत दिली, आत गेली, गुळाची ढेप फोडली आणि दारात जमलेल्या माणसांना म्हणाली, "पास व्हयना. मास्तरनी वाचं."

मग तिने पहिला खडा माझ्या तोंडात घातला.